एकदा ढकलून द्या म्हणे पाण्यात!

प्रश्न : ताई, नमस्कार. पहिल्यांदाच लिहून राहिले, लांबलं तर कापा. विषय माझा नाही, आमच्या ह्यांचा आहे. हे ४३ वर्षांचे, बांधकाम मटेरियलचा धंदा, गडी एकदम दांडगा. ताडोब्याला गेलो तर जिप्सीत सगळ्यात पुढे बसणार, गावाकडे साप निघाला तर अख्खी गल्ली ह्यांनाच बोलावते. पण समुद्र म्हटला की संपलं. कॉलेजात असताना मित्रांसोबत गोव्याला गेले होते, तिथे चौघांनी हातपाय धरून ह्यांना पाण्यात फेकलं, गंमत म्हणून, आणि लाटेनं असं काही गुंडाळलं म्हणतात की वर कुठे अन् खाली कुठे तेच समजेना, नाकातोंडात पाणी आणि वाळू. बाहेर आले तर सगळे हसून राहिले होते. तेव्हापासून समुद्रावर पाय नाही. मुंबईला लग्नकार्याला गेलो तर मी पोरांना घेऊन चौपाटीवर जाते आणि हे रस्त्याच्या पलीकडे गाडीत बसून राहतात, फोन आला म्हणतात.

त्यात २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला त्या रात्री आमच्याही घरात पाणी शिरलं. पहाटे अंधारात, लाइट नाही, कमरेएवढं पाणी, ह्यांनी सासूबाईंना पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावर नेलं. तेव्हा जरासुद्धा घाबरले नाहीत. पण त्यानंतर हे समुद्राचं प्रकरण वाढलंच असं मला वाटते. आता टीव्हीवर लाटा दिसल्या तरी चॅनल बदलतात. गंमत म्हणजे फुटाळा तलावावर मजेत बसतात, तिथे काही होत नाही. खिंडसी तलावाला गेलो तर काठावर डबा खातात, बोटीत मात्र बसत नाहीत.

माझी धाकटी बहीण गुहागरला दिलेली आहे. डिसेंबरात तिच्या घराची वास्तुशांत आहे, समुद्र घरापासून चालत दहा मिनिटं. पोरं (९ आणि ६ वर्षं) आत्तापासून उड्या मारून राहिली. ह्यांनी सांगून टाकलं, कामं आहेत, तुम्ही जा. काम नाही हे मलाही माहीत अन् त्यांनाही. माझा भाऊ आणि दीर दोघंही म्हणतात, तिकडे नेऊन एकदा ढकलून द्या पाण्यात, भीती जाते की नाही बघा. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. – एक वाचक, नागपूर

उत्तर : सगळ्यात आधी भावाला आणि दिराला सांगा की हा प्रयोग ऑलरेडी झालेला आहे. वीस वर्षांपूर्वी, गोव्यात, चौघांनी मिळून. त्याचाच निकाल तुम्ही आज पाहून राहिलात. तेच औषध परत कसं काय द्यायचं? आणि ह्या वेळी ढकलणारे मित्र नसतील, घरचेच असतील, म्हणजे समुद्र तर गेलाच पण घरच्यांवरचा भरवसाही गेला. ज्याला तिखट सोसत नाही त्याला पहिल्याच दिवशी सावजीचा रस्सा पाजून तो तिखट खायला शिकत नाही, तो त्या घरी जेवायला येणं बंद करतो.

मानसशास्त्रात एक जुना प्रयोग आहे. १९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी पीटर नावाच्या एका लहान मुलाची सशाची भीती घालवली. कशी, तर पोरगं आवडीचं खात बसलेलं असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा, आणि हळूहळू म्हणजे खरंच हळूहळू. शेवटी तो मुलगा सशाला हात लावायला लागला. आज भीतीवर जे उपचार करतात त्याचं मूळ हेच आहे, थोडं थोडं, आपल्या मर्जीनं, आणि प्रत्येक पायरीवर शरीराला पटेपर्यंत थांबून.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुमचे मिस्टर हा अंक घरात फिरवतील, बघा ताई काय म्हणतात, मला सोडून द्या. तसं नाही. गाडीत बसून राहणं हेसुद्धा भीतीला खाऊ घालणंच आहे. रस्त्याच्या पलीकडे बसलं की लगेच बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं डोक्याला सांगतं की बघ, नाही गेलो म्हणून वाचलो. दर वेळी हेच. म्हणून तर आधी फक्त समुद्र होता, आता टीव्हीवरच्या लाटाही नकोशा झाल्या. टाळत राहिलं तर ह्याची हद्द वाढत जाते.

मग करायचं काय. पहिलं म्हणजे नेमकी कशाची भीती ते काढा. "कशाला घाबरता हो" असं नाही विचारायचं, त्याचं उत्तर कोणताच नवरा देत नाही. निवांत वेळी विचारा की सगळ्यात वाईट क्षण कोणता असतो, नाकात पाणी जाणं, पायाखालची जमीन सुटणं, समोरचा काठ न दिसणं, का लोक हसणं? तुमच्या पत्रावरून मला वाटतं पाण्याशी त्यांचं भांडण नाही, फुटाळ्यावर ते छान बसतात (आपण नागपूरकर त्याला चौपाटी म्हणतो, समुद्र शेकडो किलोमीटर लांब असून, हा आपला जुना आत्मविश्वास). त्यांचं भांडण आहे ओढून नेणाऱ्या पाण्याशी, आणि हसणाऱ्या माणसांशी. खिंडसीच्या काठावर चालतं, बोटीत नाही, कारण बोटीतून मनात येईल तेव्हा उतरता येत नाही.

ती पुराची रात्र वेगळी काढा. त्या वेळी घाबरले नाहीत म्हणता, तर अनेकांचं असंच असतं, प्रसंगात माणूस काम करतो आणि शरीर हिशोब नंतर मांडतं. जोराचा पाऊस आला की रात्री उठून बसतात का, परत परत नाल्याकडे बघून येतात का, ती रात्र स्वप्नात येते का, चिडचिड वाढली का? ह्यातलं बरंच हो असेल तर हे घरगुती उपायांचं काम नाही, आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मेडिकलला, म्हणजे आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि कुठे जायचं नसेल तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ह्यात लाजण्यासारखं काही नाही, कमरेएवढ्या पाण्यातून आईला पाठीवर नेलेल्या माणसाला कोणी भित्रा म्हणणार नाही.

तसं काही नसेल तर डिसेंबरपर्यंत वेळ आहे, सुरुवात इथूनच करा. दोघांनी बसून एक यादी करा, सगळ्यात सोप्यापासून अवघडपर्यंत, आणि प्रत्येकापुढे शून्य ते दहा भीतीचा आकडा त्यांनी लिहायचा. तुम्ही नाही, त्यांनी. लाटांचा आवाज मोबाइलवर ऐकणं, बंद करायचं बटण त्यांच्या अंगठ्याखाली. मग व्हिडिओ. मग फुटाळ्यावर कठड्याला अगदी लागून उभं राहणं, वारा सुटलेला असताना, पाणी काठावर आपटतं तेव्हा. मग खिंडसीची बोट, लाइफ जॅकेट घालून, बेल्ट सगळे लावून, आणि बोटवाल्याला आधीच सांगून ठेवायचं की दादा, म्हटलं की परत फिरवा. एका पायरीवरून दुसरीवर कधी जायचं? भीतीचा आकडा त्याच जागी उभं राहून निम्म्यावर आला की. हे महत्त्वाचं आहे. भीती एकदम वर चढते, छाती धडधडते, वाटतं आता पळावं, पण तिथेच थांबलं तर थोड्या वेळानं ती आपोआप उतरते, आणि ते उतरणं स्वतः अनुभवलं की काम होतं. ऐन चढलेली असताना पळालो तर उलटा धडा मिळतो. थांबताना श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा, एवढंच, बाकी प्राणायामाचे पंचवीस प्रकार नकोत.

जमलं तर एखाद्या स्विमिंग पूलवर कोच धरून महिनाभर जाऊ द्या. पोहायला शिकण्यासाठी नाही, तीन गोष्टींसाठी. तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडणं, पाठीवर तरंगणं, आणि तरंगत असताना पाय खाली घेऊन परत उभं राहता येणं. ती तिसरी गोष्ट त्यांच्यासाठी सगळ्यात मोठी आहे बघा, कारण त्या लाटेत त्यांना वर-खाली कळलं नव्हतं आणि उभं कसं राहायचं तेही. ते एकदा अंगात बसलं की निम्मी लढाई इथेच नागपुरात होते.

आता तुमचं काम. "काही होत नाही हो" हे वाक्य घरातून हद्दपार करा, कारण त्यांना झालं होतं. त्यापेक्षा पुढे काय होणार ते सांगा, आपण वाळूवर बसणार, पाण्यापासून पन्नास पावलं लांब, अर्धा तास, मग घरी. आणि तेवढंच करायचं. त्या दिवशी त्यांचा मूड चांगला दिसला म्हणून "आता आलोच आहोत तर जरा पाय बुडवू" नाही म्हणायचं. त्यांनी "बस" म्हटलं की बस, का म्हणून विचारायचं नाही, अजून एक मिनिट नाही. हा ब्रेक खरंच त्यांच्या हातात आहे हे दोन-चारदा सिद्ध झालं की ते स्वतःच पुढे सरकतील, मी हे बऱ्याच घरांत पाहिलंय. मोबाइल खिशात ठेवायचा, रील नाही, स्टेटस नाही, टाळ्या नाहीत. भावाला आणि दिराला निघायच्या आधीच बजावा, तिथे जाऊन नाही. आणि कोणी म्हणेल एक पेग मार म्हणजे हिम्मत येईल, तर त्या माणसाला त्या दिवशी समुद्रावर आणूच नका. किनाऱ्यावरच्या अपघातांत दारू नेहमीचीच असते.

एक गोष्ट पत्रात नाही पण मला शंका आहे. त्यांची निम्मी भीती पोरांची असू शकते. मी बुडालो तर बुडालो, पण पोरगं ओढलं गेलं आणि माझे पाय हलले नाहीत तर? बाप माणूस हे बोलत नाही. म्हणून पहिल्या दिवशी पोरं मावशी आणि काकांकडे द्या, आणि ती जबाबदारी स्पष्ट शब्दांत द्या, "पोरांकडे तुम्ही बघणार, हे नाही."

आता समुद्राबद्दल. तुमच्या मिस्टरांना वाटतं तेवढा तो खोडसाळ नाही, पण त्यांच्या मित्रांना वाटला तेवढा साधाही नाही. त्याचं वेळापत्रक असतं आणि ते कळलं की धंदेवाईक माणसाला फार बरं वाटतं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, साधारण सव्वासहा तासांचं अंतर, आणि रोज वेळ पाऊण तासानं, पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात जुनी माणसं कॅलेंडर बघून सांगतात, तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही, आणि नऊच्या सुमारास ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. मिनिटाला मिनिट जुळत नाही पण अंदाजाला पक्का. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाची भरती, चढउतार कमी. पहिल्या भेटीला हे दिवस बरे. वास्तुशांतीची तारीख कळली की हा हिशोब त्यांनाच करू द्या, तुम्ही करून देऊ नका.

वेळ अशी निवडा की ओहोटी संपून भरती लागत असेल. तेव्हा गुहागरसारख्या लांब सपाट किनाऱ्यावर ओली वाळू भरपूर मोकळी असते आणि ओहोटीची ओढ नसते. ओहोटी चालू असताना, अंधार पडल्यावर, खाडीच्या मुखाशी आणि खडकांजवळ पाण्यात जायचंच नाही, हे भिणाऱ्यांसाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. बहिणीच्या शेजारच्यांना विचारा कुठे उतरतात, तेच ठिकाण धरा. आणि त्यांना हेही सांगा की समुद्रावर पोट असलेले कोळीसुद्धा त्याला भितात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी कायद्यानंच बंद असते, आणि पुढे नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होड्या लोटायची रीत आहे. कोणी त्यांना हसत नाही.

पाय भिजवायची वेळ आली, म्हणजे त्यांनी स्वतः म्हटलं, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, तिथे जाऊन नको. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं की लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकते, टाचा रुततात, आणि परत जाणाऱ्या पाण्याकडे बघत असलो तर असं वाटतं की आपणच ओढले जातोय. आपण हललेलो नसतो, पाणी हलतंय आणि डोळे फसतात. पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या कुणालाही चक्कर येते ह्यानं. ज्या माणसाची आठवणच ओढलं जाण्याची आहे त्याला हे आधी माहीत नसेल तर तो तिथूनच पळणार आणि परत कधी येणार नाही. पाय फाकवून, जरा तिरकं उभं राहायचं, नजर लांब क्षितिजावर किंवा एखाद्या होडीवर, आणि लाटेकडे पाठ करायची नाही.

आणि ठरवून टाका की पोहणं ह्या प्रवासात नाहीच. ते वाळूवर पोरांसोबत बसले आणि भेळ खाल्ली तर डिसेंबर वसूल. घोटे भिजले तर बोनस. आणि सगळं करूनही ते म्हणाले की मी बहिणीच्या अंगणातच बसतो, तर बसू द्या, पण गुहागरला न्या. अंगणातून आवाज येतोच.

प्रश्न : माझी मुलगी ५ वर्षांची. दिवाळीत अलिबागला गेलो तर लाट बघून मांडीवरून उतरायलाच तयार नाही, दोन दिवस रडली. पुढच्या वेळी काय करू? – धरमपेठ

उत्तर : तिच्या उंचीवरून बघा एकदा, खाली बसून. तुमच्या गुडघ्याएवढी लाट तिच्या छातीवर येते आणि आवाज करत धावून येते, रडणार नाही तर काय. पुढच्या वेळी पाण्याकडे नेऊच नका, पाणी पोचतं त्या रेषेच्या बरंच वर ओल्या वाळूत एक खड्डा खणा, बादलीनं पाणी आणून टाका, तिलाच रेषा आखू द्या की समुद्रानं इथपर्यंतच यायचं. ती रेषा रोज तिनेच पुढे न्यायची. कडेवर घेऊन पाण्यात शिरणारे बाबा घरात असतील तर त्यांना आधी समजवा. आणि ती खेळायला लागली तरी तुम्ही हाताच्या अंतरावर, मोबाइलमध्ये नाही.

प्रश्न : मी २२ वर्षांचा, समुद्र पाहिलाच नाही अजून, पण खोल समुद्राचे व्हिडिओ बघितले की घाम फुटतो, खाली काय असेल ह्या विचारानं. तरी रात्री बघतच बसतो. मी वेडा आहे का? – सक्करदरा

उत्तर : नाही रे बाबा. अथांग खोलीची भीती खूप जणांना असते, थॅलॅसोफोबिया असं भारदस्त नावही आहे तिला, आणि समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या घरात आहे म्हटल्यावर डोकं गरगरणं साहजिक आहे. पण तू काय करून राहिलास बघ, अंधारात, एकटा, भयानक म्युझिक लावलेले व्हिडिओ, एकापाठोपाठ एक, आणि घाम फुटला की बंद करतोस. वर त्या काकांना सांगितलं त्याच्या बरोबर उलटं. ते सगळे "नको" करून टाक, आणि दिवसा, मित्रासोबत, साध्या किनाऱ्याचा एखादा लांबलचक कंटाळवाणा व्हिडिओ लाव, शेवटपर्यंत. कंटाळा आला पाहिजे, हेच टार्गेट. मग तिकीट काढ, थंडीत, स्लीपरचं. आणि कोकणात उतरलास की लक्षात ठेव, जिथे लोक उभे असतात तिथे पाणी कमरेएवढं असतं, ३,७०० मीटरवाला प्रकार तिथून शेकडो किलोमीटर आत आहे.